‘मी आत्ता कुठल्या कोअरवर आहे?’ याचं उत्तर किती वेळ खरं राहतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही आणि तुमचे दोन वर्गमित्र शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी स्वतःचा छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिताय. एक्स८६-६४ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) तो चार कोअरवर नीट चालतो. चालू टास्कचा पॉइंटर, मोकळ्या पानांची छोटी यादी, डिस्कच्या विनंत्यांचा काउंटर असा प्रत्येक कोअरचा खासगी डेटा तुम्ही जीएस रजिस्टरच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या) आधाराने ठेवलाय. तोच कर्नल आर्म६४ या दुसऱ्या प्रोसेसर-घराण्यावर नेला, तिथलं टीपीआयडीआर-ईएल१ हे रजिस्टर वापरलं, आणि डिस्कचा काउंटर चुकायला लागला. दर वेळी वेगळा आकडा, पण नेहमी कमीच. रिस्क-फाइव्ह या तिसऱ्या घराण्याचं काम अजून सुरू व्हायचंय. तुमचं विचारणं असं की रजिस्टर चुकलं का, रिस्क-फाइव्हवर कुठलं घ्यायचं, की हे सगळं सोडून कोअरच्या नंबरने ॲरे इंडेक्स केला तर चालेल.

रजिस्टर चुकलेलं नाही. टीपीआयडीआर-ईएल१ हीच योग्य निवड आहे, लिनक्सही तेच वापरतो. बाकीच्या रजिस्टरांकडे पुढे येतेच. पण मी गेली अठरा वर्षं नेटवर्क उपकरणांच्या कर्नलवर काम करतेय, त्यातली बरीचशी इथे पवईत, आणि या विषयावर माझ्याकडे आलेले बहुतेक प्रश्न रजिस्टरच्या नावाने सुरू होऊन एकाच जागी पोचले. कर्नल जेव्हा ‘मी आत्ता कुठल्या कोअरवर आहे’ असं विचारतो तेव्हा मिळालेलं उत्तर किती वेळ खरं राहणार, आणि तेवढ्या वेळात मधे कोण घुसू शकतं? एक्स८६ वर तुम्हाला हा प्रश्न पडला नाही, कारण तिथे तो वेळ शून्य होता.

डेटा कोअरागणिक वेगळा का ठेवायचा हे तुम्हाला माहीत आहे. तरी हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. बेस्टचा कंडक्टर आठवा. प्रत्येक तिकिटाचे पैसे तो वडाळा आगारात नेऊन भरत नाही. स्वतःच्या बॅगेत टाकतो आणि पाळी संपली की हिशेब देतो. सगळ्या कंडक्टरांनी एकाच पेटीत पैसे टाकायचे ठरवले तर पेटीपुढे रांग लागेल. कर्नलमध्ये ती रांग कॅश लाइनसाठी, म्हणजे कोअरजवळच्या वेगवान मेमरीच्या एका तुकड्यासाठी, लागते. एकच सामायिक काउंटर सगळ्या कोअरनी ॲटॉमिक, म्हणजे मधे कुणाला घुसू न देणाऱ्या, पद्धतीने वाढवायचा म्हटलं, तर ती लाइन या कोअरकडून त्या कोअरकडे फिरत राहते आणि कोअर वाढतील तसं काम मंदावतं. प्रत्येकाला वेगळी बॅग दिली की रांग संपते. अट एवढीच, की पैसे मोजून होईपर्यंत कंडक्टरच्या हातातली बॅग बदलता कामा नये.

आता तुमचा आर्मवरचा मॅक्रो जवळून बघू. तो आधी या कोअरच्या काउंटरचा पत्ता काढतो आणि मग त्या पत्त्यावरची किंमत एकने वाढवतो. सी मध्ये ही एक ओळ आहे. कंपायलर तिच्या चार पायऱ्या करतो: रजिस्टर वाचून पत्ता काढायचा, त्या पत्त्यावरची किंमत आणायची, एक मिळवायचा, परत लिहायचं. समजा काउंटरमध्ये ४१ आहेत. विनंती पाठवणाऱ्या टास्कने ४१ वाचले, त्याच्या रजिस्टरमध्ये ४२ झाले, आणि लिहिण्याआधी डिस्कचा इंटरप्ट आला, म्हणजे डिस्कने कोअरला हातातलं काम थांबवायला लावलं. इंटरप्टला उत्तर देणारा कोड, म्हणजे हँडलर, तोच काउंटर वाढवतो. त्याला मेमरीत अजून ४१ दिसले, त्याने ४२ लिहिले आणि तो परतला. टास्क थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं आणि त्यानेही ४२ लिहिले. दोन घटना झाल्या, काउंटर एकानेच पुढे गेला.

हे सौम्य रूप झालं. त्याच फटीत शेड्युलरने (कुठलं टास्क कुठल्या कोअरवर हे ठरवणाऱ्या भागाने) टास्क कोअर १ वरून उचललं आणि काही वेळाने कोअर ३ वर ठेवलं असं समजा. टास्कच्या रजिस्टरमध्ये पत्ता कोअर १ चा आहे आणि किंमत ४२. तेवढ्या वेळात कोअर १ ने स्वतःचा काउंटर ९०० पर्यंत नेलेला असतो. कोअर ३ वर जागं झालेलं टास्क तिथे शांतपणे ४२ लिहितं, आणि साडेआठशेहून जास्त नोंदी एका लिखाणात पुसल्या जातात. तुमचा आकडा कधी कधी थोडाच कमी येतो आणि कधी एकदम खूप कमी, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते तुमच्याकडे या दोन्ही गोष्टी होतायत.

एक्स८६-६४ वर तुम्ही इनलाइन असेंब्लीत एकच इन्स्ट्रक्शन लिहिलीय: जीएसच्या तळापासून इतक्या अंतरावरची किंमत एकने वाढव. पत्ता काढण्यापासून परत लिहिण्यापर्यंत सगळं तिच्या पोटात आहे. इंटरप्ट घेतला जातो तो एक इन्स्ट्रक्शन संपल्यावर आणि दुसरी सुरू होण्याआधी, त्यामुळे या कोअरपुरती ती अखंड असते. इतर कोअरना रोखणारा लॉक प्रीफिक्सही लागत नाही, कारण दुसरा कोअर या बॅगेत हात घालत नाही. टास्क आधी हललं तर सगळं नव्या कोअरवर होतं, नंतर हललं तर सगळं जुन्यावर. अर्धं इथे, अर्धं तिथे असं होतच नाही. आर्म, रिस्क-फाइव्ह, मिप्स यांच्याकडे अशी ‘खासगी तळ अधिक अंतर’ धरून थेट मेमरीत बेरीज करणारी इन्स्ट्रक्शन नाही. म्हणजे तुमचं एक्स८६ चं काम बरोबर होतं, फक्त ते का बरोबर आहे हे कोडमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या आर्किटेक्चरवर नेताना तेच कारण मागे राहिलं.

म्हणून माझा आग्रह असा, की मॅक्रोची आखणी रजिस्टरवरून करू नका, त्याने दिलेल्या हमीवरून करा. लिनक्समध्ये ही वाटणी नावातच दिसते. ‘धिस-सीपीयू’ने सुरू होणारी कामं स्वतःहून प्रीएम्प्शन (टास्कला मधेच थांबवून दुसऱ्याला कोअर देणं) आणि इंटरप्ट या दोन्हींपासून सुरक्षित असतात. त्याच नावाआधी दोन अंडरस्कोअर असतील तर हमी बोलावणाऱ्याने दिलेली असते, म्हणजे त्याने प्रीएम्प्शन किंवा इंटरप्ट आधीच थांबवलेत. डीबग बांधणीत (चुका शोधण्यासाठी केलेल्या बिल्डमध्ये) प्रीएम्प्शनबद्दलची ही हमी तपासलीही जाते. ‘रॉ-सीपीयू’ काहीच तपासत नाही. यांच्या खाली एक सर्वसाधारण फाइल आहे. ज्या आर्किटेक्चरने स्वतःचं काही दिलेलं नाही तिथे ती साधा मार्ग धरते: इंटरप्टची आत्ताची स्थिती जपून ठेवायची, इंटरप्ट बंद करायचे, पत्ता काढायचा, बेरीज करायची, स्थिती पूर्ववत करायची.

तुम्ही पहिलं हेच लिहा, आणि तिन्ही आर्किटेक्चरवर काही दिवस हेच चालवा. एक्स८६ वरसुद्धा. आकडे तिन्हीकडे जुळले की मग एकेका ठिकाणी वेगाचं रूप आणा आणि दर वेळी साध्या रूपाशी ताडून बघा. उलट दिशेने गेलेले बरेच कर्नल मी पाहिलेत. एका प्रोसेसरची चलाखी आधी आणि सर्वसाधारण अर्थ नंतर, असं झालं की त्या अर्थात पहिल्या प्रोसेसरच्या सवयी मुरलेल्या असतात आणि त्या कुणालाच दिसत नाहीत.

आर्म६४ वर वेगाचं रूप कसं असतं तेही सांगते, कारण त्यात एक बारकावा आहे. लिनक्स तिथे प्रीएम्प्शन थांबवतो, पत्ता काढतो, आणि बेरीज ॲटॉमिक इन्स्ट्रक्शनने करतो. जुन्या आर्मव्ही८.० वर ही एलडीएक्सआर-एसटीएक्सआरची जोडी असते (पहिली वाचून राखीव खूण ठेवते, दुसरी ती खूण शाबूत असेल तरच लिहिते), आर्मव्ही८.१ पासून एलएसई नावाच्या इन्स्ट्रक्शन मिळाल्या आणि बेरीज एकाच फटक्यात होऊ लागली. मधे इंटरप्ट आला तर? इंटरप्टमधून परतताना प्रोसेसर स्वतःच राखीव खूण पुसतो, एसटीएक्सआर फसतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो. एक नोंदही हरवत नाही. आता बारकावा: बेरीज ॲटॉमिक असेल तर पत्ता काढल्यावर टास्क दुसऱ्या कोअरवर गेलं तरी एकूण बेरीज चुकत नाही. एका कंडक्टरचं तिकीट दुसऱ्याच्या बॅगेत पडलं, आगारातला एकूण हिशेब जुळतो. पण यासाठी त्या काउंटरला हात लावणारा प्रत्येक जण ॲटॉमिकच हवा. एकाने जरी ‘इंटरप्ट बंद करून साधी बेरीज’ केली तरी दुसऱ्या कोअरवरून येणाऱ्या ॲटॉमिक बेरजेपुढे ती उघडी पडते. एका काउंटरला एकच पद्धत. आणि काउंटरऐवजी मोकळ्या पानांची यादी असेल तर हा सूट देणारा युक्तिवाद लागूच होत नाही. तिथे प्रीएम्प्शन थांबवायलाच हवं, आणि हँडलरही त्या यादीतून पान घेत असेल तर इंटरप्टसुद्धा.

इथे काही गोष्टी तुमच्या कर्नलवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. कर्नलमध्ये असताना टास्क प्रीएम्प्ट होऊ शकतं का? ‘खूप कमी’ येणाऱ्या आकड्यावरून मला वाटतं होत असावं. होत नसेल तर टास्क स्वतःहून झोपेपर्यंत कोअर बदलत नाही आणि तुम्हाला फक्त इंटरप्टची काळजी उरते. जुने कर्नल असेच होते. लिनक्सच्या मुख्य मालिकेत प्रीएम्प्ट होणाऱ्या कर्नलचा पर्याय २.६ बरोबर आला, डिसेंबर २००३ मध्ये, आणि त्यानंतर ही सगळी शिस्त खरोखर महत्त्वाची झाली. दुसरं, ज्या डेटाला टास्क आणि हँडलर दोघेही हात लावतात तो कुठला, याची यादी तुमच्याकडे आहे का? नसेल तर आज बसून करा. ज्याला फक्त टास्क हात लावतं त्याला प्रीएम्प्शन थांबवणं पुरतं, आणि ते इंटरप्ट बंद करण्यापेक्षा सहसा स्वस्त असतं.

आता रजिस्टर.

एक्स८६-६४ वर लिनक्सचे युजर प्रोग्रॅम थ्रेडच्या खासगी डेटासाठी एफएस वापरतात, म्हणून कर्नलने जीएस घेतलं. विंडोजचा ६४-बिट कर्नल आणि फ्रीबीएसडी यांनीही जीएसच घेतलं. पण जीएसवर युजरचाही हक्क आहे. म्हणून कर्नलमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना स्वॅपजीएस ही इन्स्ट्रक्शन लागते. ती दोन तळांची नुसती अदलाबदल करते. सध्या आत कर्नलचा तळ आहे की युजरचा हे तिला कळत नाही. सिस्टम कॉल (युजर प्रोग्रॅमची कर्नलला हाक) आल्यावर स्वॅपजीएस चालण्याआधीच्या एका इन्स्ट्रक्शनच्या फटीत एनएमआय, म्हणजे बंद न करता येणारा इंटरप्ट, आला, तर प्रोसेसर कर्नल मोडमध्ये आहे पण जीएस अजून युजरचं आहे. ‘मी कर्नलमधून आलो, म्हणजे स्वॅप नको’ हा साधा नियम तिथे फसतो. म्हणून एनएमआयसारख्या वाटांवर लिनक्स मागच्या मोडवर विसंबत नाही. जुन्या पद्धतीत तो जीएसचा तळ एमएसआर या खास रजिस्टरमधून वाचतो आणि तो कर्नलच्या वरच्या अर्ध्या पत्त्यांत पडतो का ते बघतो. ही जागा किती नाजूक आहे ते सीव्हीई-२०१४-९३२२ या सुरक्षा-दोषाने दाखवलं: परतीच्या आयरेट इन्स्ट्रक्शनवरच दोष उद्भवला, कर्नल चुकीच्या जीएसने चालला, आणि साध्या युजरला रूटचे (सर्वोच्च) अधिकार मिळवता येत होते. २०१९ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषाचा एक प्रकार याच स्वॅपजीएसभोवती सापडला. तुमच्या कर्नलमध्ये एनएमआय हँडलर असेल तर ही वाट एकदा कागदावर पायरी पायरीने चालून बघा.

आर्म६४ वर ही कटकट नाही. युजरला टीपीआयडीआर-ईएल० वेगळं दिलंय, ईएल१ चं फक्त कर्नलचं. शिरताना काही बदलावं लागत नाही. एवढंच पाहा की बूट होताना तुम्ही ईएल२ या वरच्या अधिकार-पातळीवर तर नाही ना. असाल तर ईएल१ वर उतरा, आणि उतरणार नसाल तर टीपीआयडीआर-ईएल२ वापरा. लिनक्स ईएल२ वर चालतो तेव्हा तेच करतो.

मात्र आर्मवर कंपायलरचा एक सापळा आहे. रजिस्टर वाचणारी असेंब्ली व्होलाटाइल केली तर कंपायलर ती दर वेळी नव्याने चालवतो, गरज नसतानाही. व्होलाटाइल काढलं तर त्याला वाटतं की हे मूल्य कधी बदलतच नाही, आणि प्रीएम्प्शन थांबवण्याआधी वाचलेला तळ तो नंतरही वापरतो. लिनक्सने मधला मार्ग काढलाय. ती असेंब्ली स्टॅकवरची एक जागा वाचते असं कंपायलरला सांगायचं, प्रत्यक्षात काही वाचायचं नाही. मग कंपायलर बॅरिअर (इथून पुढे मेमरी नव्याने वाच, असं कंपायलरला सांगणारी खूण) आला की जुनं मूल्य टाकून द्यायला तो बांधला जातो, आणि दोन बॅरिअरच्या मधे ते जपून वापरतो. तुमच्या प्रीएम्प्शन थांबवणाऱ्या आणि सोडणाऱ्या मॅक्रोंमध्ये कंपायलर बॅरिअर आहे का ते तपासा. मला तुम्ही टाकलेल्या कोडच्या तुकड्यात तो दिसला नाही.

रिस्क-फाइव्हवर टीपी हे रजिस्टर घ्या. पण युजरचे थ्रेडही टीपीच वापरतात, म्हणून शिरताना ते एसस्क्रॅच या दुसऱ्या रजिस्टरशी बदलावं लागतं. इथे एक चांगली प्रथा आहे: कर्नलमध्ये असताना एसस्क्रॅचमध्ये शून्य ठेवायचं. ट्रॅप (कर्नलमध्ये नेणारी घटना) आला की अदलाबदल करायची, हाती शून्य आलं तर आपण कर्नलमधूनच आलो, परत बदलायचं. स्वॅपजीएसला जे कळत नाही ते इथे एका तुलनेत कळतं. आणखी एक, सुपरवायझर मोडमध्ये, म्हणजे कर्नल चालतो तिथे, हार्टचा (रिस्क-फाइव्हमधल्या कोअरचा) नंबर वाचायला रजिस्टरच नाही. बूटच्या वेळी फर्मवेअर तो ए० रजिस्टरमध्ये देतं, तेव्हाच जपून ठेवा.

टीपीमध्ये कोअरच्या डेटाचा पत्ता ठेवायचा की चालू टास्कचा? लिनक्स टास्कचा ठेवतो, टास्कमध्ये कोअरचा नंबर असतो, त्यावरून कोअरचा डेटा सापडतो. एक पायरी जास्त. तरी मी तुम्हाला हेच सुचवेन. ‘चालू टास्क’ हे उत्तर त्या टास्कच्या दृष्टीने कधीच शिळं होत नाही. टास्क कुठल्याही कोअरवर गेलं तरी चालू टास्क तेच असतं. ‘माझा कोअर’ हे उत्तर मात्र पुढच्या इन्स्ट्रक्शनला शिळं होऊ शकतं. जे टिकाऊ आहे ते हाताशी ठेवावं, आणि जे नाशवंत आहे त्यासाठी मुद्दाम मॅक्रोच्या दारातून जावं लागावं. हे माझं मत आहे. फ्रीबीएसडीने आर्म६४ वर अगदी वेगळी निवड केली: एक्स१८ हे साधं रजिस्टर कर्नलमध्ये कोअरच्या डेटासाठी राखून ठेवलं आणि कंपायलरला त्याला हात लावू दिला नाही. तेही उत्तम चालतं. ६४-बिट पॉवरपीसीवर लिनक्स आर१३ राखून ठेवतो. आयबीएमच्या झेड मशीनवर तर प्रीफिक्स रजिस्टर शून्यापासूनची पहिली ८ किलोबाइट मेमरी प्रत्येक प्रोसेसरच्या स्वतःच्या पानांवर वळवतं, म्हणजे एकच पत्ता आणि प्रत्येकाला दिसणारी वस्तू वेगळी.

इथपर्यंतचं एका दमात: आर्मवरचा तुमचा दोष पत्ता काढणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत आहे, ती फट आधी इंटरप्ट बंद करून बुजवा, रजिस्टर ही नंतरची, वेगाची गोष्ट.

ॲरेचं विचारलंत. चालतो, आणि सुरुवातीला मी त्याला नाही म्हणणार नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. पहिली, हार्डवेअरचा नंबर इंडेक्स म्हणून वापरू नका. आर्मच्या एमपीआयडीआर रजिस्टरमधला नंबर समूहांत विभागलेला असतो, एक्स८६ च्या एपिक आयडींमध्ये (कोअरच्या हार्डवेअर-नंबरांमध्ये) मधे मधे जागा रिकाम्या असू शकतात, आणि रिस्क-फाइव्हचे हार्ट सलग असायलाच हवेत असं नाही, फक्त एक शून्य असला पाहिजे. बूट करताना ०, १, २ असे स्वतःचे नंबर द्या. दुसरी, आठ बाइटचे आठ काउंटर शेजारी शेजारी ठेवले तर ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये आठ कोअर कोंबले जातात. बॅगा वेगळ्या, पण सगळ्या एकाच खुंटीला टांगलेल्या. वेग मोजलात तर सामायिक काउंटरपेक्षा फारसा फरक दिसणार नाही. प्रत्येक कोअरची नोंद लाइनच्या मापाला जुळवून घ्या, आणि ते माप आर्किटेक्चरप्रमाणे बदलू द्या. ॲपलच्या एम१ वर आणि पॉवरवर ते १२८ बाइट आहे, झेडवर २५६.

यापेक्षा नीट मार्ग म्हणजे लिंकरमध्ये (कर्नलचे तुकडे जोडणाऱ्या साधनात) असा सगळा डेटा एका सेक्शनमध्ये गोळा करायचा, आणि बूट होताना त्या सेक्शनची प्रत्येक कोअरसाठी एक प्रत काढायची. मग पत्ता म्हणजे व्हेरिएबलचा मूळ पत्ता अधिक या कोअरचं अंतर, आणि रजिस्टरमध्ये फक्त ते अंतर. एका कोअरचा सगळा डेटा एकत्र राहतो. प्रती काढण्याआधी बूट कोअरने मूळ सेक्शनमध्ये काही लिहिलं तर ते प्रत्येक प्रतीत उतरतं, हे लक्षात असू द्या. बूटच्या पहिल्या टप्प्यात वाढलेला एक काउंटर चारही कोअरवर तेवढाच दिसला की समजा हेच झालंय. बेरीज करताना आत्ता चालू असलेल्या कोअरवर फिरू नका, जे कोअर कधीही चालू होऊ शकतात त्या सगळ्यांवर फिरा. नाहीतर कोअर बंद केल्यावर त्याच्या बॅगेतले पैसे हिशेबातून गायब होतात.

काउंटर चुकला तर निदान आकडा दिसतो. पॉइंटर शिळा झाला तर काय होतं ते मी एका उपकरणावर पाहिलंय. पॅकेटचं हेडर जुळवायला आमच्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक कोअरसाठी एक छोटा बफर होता. कोड आधी या बफरचा पॉइंटर घ्यायचा, मग थोडी मेमरी मागायचा, मग बफरमध्ये लिहायचा. मेमरी मागणारी ती हाक गरज पडली तर झोपू शकणारी होती. आमच्या टेबलावरच्या एक्स८६ मशीनमध्ये मेमरी भरपूर, त्यामुळे ती कधी झोपलीच नाही. ग्राहकाकडच्या आर्म बोर्डवर मेमरी कमी, आणि संध्याकाळी वर्दळ वाढली की ती झोपायची. टास्क झोपलं की त्याच कोअरवरचं दुसरं टास्क तोच बफर वापरायचं, आणि पहिलं टास्क दुसऱ्या कोअरवर जागं होऊन जुन्या कोअरच्या बफरमध्ये लिहायचं. आम्हाला दिसलं ते एवढंच की दिवसाला पाच-सहा पॅकेट विचित्र जात होती. मी एका पॅकेटचा हेक्स डंप छापून घेतला आणि मार्करने खुणा केल्या. सोर्स पत्ता एका कनेक्शनचा होता, लांबी दुसऱ्याच कनेक्शनची, आणि चेकसम, म्हणजे चूक पकडणारी बेरीज, या चुकीच्या जोडीवर बरोबर बसत होता. चेकसम बरोबर होता म्हणजे तारेवर काही बिघडलं नव्हतं. दोन टास्कनी आळीपाळीने एकच बफर भरला होता. दुरुस्ती दोन ओळींची होती: मेमरी आधी मागायची, पॉइंटर नंतर घ्यायचा, आणि पॉइंटर हातात असेपर्यंत प्रीएम्प्शन बंद. शोधायला आठ दिवस गेले.

त्यानंतर मी एक गोष्ट कधी सोडली नाही, आणि तुम्हीही आजच घाला. कोअरच्या डेटाचा पॉइंटर देणाऱ्या मॅक्रोत डीबग बांधणीसाठी एक तपासणी ठेवा: प्रीएम्प्शन चालू असताना कोणी पॉइंटर मागितला तर फाइल आणि ओळ छापून ओरडायचं. शेड्युलरमध्ये दुसरी: प्रीएम्प्शन थांबवलेलं असताना कोणी झोपायला आलं तर तिथेही ओरडायचं. लिनक्समध्ये या दोन्ही तपासण्या आहेत. पहिल्या बूटलाच तुमच्याकडे दहा-बारा ओळी छापल्या जातील, त्याने घाबरू नका.

दुसऱ्या कोअरची बॅग बाहेरून वाचायची असेल तर नियम बदलतात. नुसत्या काउंटरची बेरीज अंदाजे असते आणि आकडेवारीसाठी ते पुरतं. मर्यादा ओलांडली का हे नेमकं ठरवायचं असेल तर अशी बेरीज वापरू नका, तिथे सामायिक ॲटॉमिक काउंटरच बरा. पण एका कोअरने आधी डेटा लिहिला, मग ‘तयार’ अशी खूण केली, आणि दुसरा कोअर खूण बघून डेटा वाचतो, असं असेल तर एक्स८६ तुम्हाला पुन्हा सांभाळून घेईल आणि आर्म घेणार नाही. एक्स८६ वर एका कोअरची लिखाणं इतरांना त्याच क्रमाने दिसतात, आर्म आणि रिस्क-फाइव्हवर तशी हमी नाही. खूण लिहिताना रिलीज आणि वाचताना ॲक्वायर, ही क्रम पाळायला लावणारी रूपं, वापरा.

हा शेवटचा दोष क्यूएमू या नकली मशीनमध्ये तुम्हाला बहुधा दिसणारच नाही. तुमचा लॅपटॉप एक्स८६ असेल तर त्यावर नक्कल केलेलं आर्मही एक्स८६ च्याच कडक क्रमाने वागतं. लॅमिंग्टन रोडवर जाऊन एक रास्पबेरी पाय ४ घ्या. त्यात चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर आहेत, आर्मव्ही८.० चे, म्हणजे एलएसई नाही आणि एलडीएक्सआर-एसटीएक्सआरचाच रस्ता तपासला जाईल. चारही कोअरवर प्रत्येकी दोन टास्क सोडा, प्रत्येकाने दहा लाख वेळा काउंटर वाढवायचा, टाइमरच्या हँडलरनेही तोच काउंटर वाढवायचा आणि आपण किती वेळा वाढवला ते वेगळ्या, फक्त स्वतःच्या काउंटरमध्ये ठेवायचं. शेवटी ऐंशी लाख अधिक हँडलरची संख्या इतकी बेरीज आली पाहिजे, एकही कमी नाही. आधी इंटरप्ट बंद करणाऱ्या रूपाने चालवा, मग ॲटॉमिक रूपाने. पहिल्या रूपाने आकडा जुळला नाही तर इंटरप्ट बंद करणारा मॅक्रो आणि त्याची कंपायलरने बनवलेली असेंब्ली, दोन्ही इथे टाका. मी बघते.